मा. आरोग्यमंत्री, ॲड्रेनॅलिनची अँप्यूल कुठे आहे?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या शनिवारी कोळंबीचं कालवण खाल्ल्यावर बायकोच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. घोडबंदर रोडजवळच्या पालिकेच्या दवाखान्यात नेलं. आधी केसपेपर, मग एव्हिल (ॲलर्जीचं औषध), मग डेक्सा (स्टिरॉइड), मग "बाकावर बसवा, उतरेल." बसवली तशी ती कोसळली. ॲड्रेनॅलिन, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन, मागितलं तर उत्तर, "स्टॉक नाही, मागणी पाठवलीय."

मागच्या वर्षी शेजारच्या मुलाला गांधीलमाशी चावली तेव्हाही हेच झालं होतं. मी तक्रार केली, "इमर्जन्सी ट्रे ठेवू" असं लेखी मिळालं. कागद माझ्या कपाटात आहे, ट्रे कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

आता हे मी तुम्हाला शिकवायचं का? एव्हिलने खाज थांबते. पण घसा आवळतो, बीपी पडतं, तेव्हा ॲड्रेनॅलिनच लागतं: मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा. माणसाला आडवं ठेवायचं, पाय वर. उठवायचं, चालवायचं नाही. गांधी उठल्याच नाहीत तरी ही जीवघेणी ॲलर्जीची रिॲक्शन असू शकते, आणि उतरल्यावर काही तासांनी परत उलटू शकते. हे भिंतीवर चिकटवायला कुठला जीआर लागतो?

खासगी दवाखान्यात सुई मांडीत गेली आणि थोड्याच वेळात तिचा रंग परतला. बिलाचं सोडा. माझी शुगर तेव्हापासून खाली येत नाही, रात्री ती खोकली तरी मी दिवा लावून ओठ बघतो. ऑफिसने रजा बिनपगारी धरली. याची भरपाई कुठल्या खिडकीवर मिळते?

अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असलेली ही अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, वडापावच्या भावात येते. आमच्या पालिकेचं बजेट म्हणे पाच हजार कोटींच्या वर. पालिका तुमच्या खात्यात येत नाही, हे उत्तर तयारच असेल! ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण गेले, तेव्हाही चौकशी समिती नेमली होती. समित्यांचा स्टॉक बरा कधी संपत नाही. उद्घाटनाच्या फिती आणि बॅनरसुद्धा वेळेवर पोचतात.

प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक पाळीला अँप्यूल आणि ती टोचायला न घाबरणारा माणूस, एवढंच मागतोय. येत्या सोमवारी मी त्याच दवाखान्यात एक्सपायरी तपासायला जाणार आहे. तुम्हीही या. घोडबंदरला ट्रॅफिक असतं, घरून लवकर निघा.

आपला,
एक करदाता, ठाणे (पश्चिम)