सलग चार छापे, मग काटा?

महोदय,

कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवते. संभाव्यतेचा धडा सुरू करताना मी आधी विचारते, ‘नाणं सलग चारदा छापा पडलं, आता काय पडेल?’ अर्ध्याहून जास्त वर्ग ओरडतो, ‘काटा!’ छाप्याची संभाव्यता दर वेळी १/२ हे याच मुलांना तोंडपाठ असतं. यंदा शेवटच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, बँक निफ्टी तीन दिवस पडली की चौथ्या दिवशी उचलतेच. दादानं कॉल घेऊन ठेवलाय.’ बँक निफ्टी म्हणजे बँकांच्या शेअर्सचा निर्देशांक आणि कॉल म्हणजे तो वर जाईल यावर लावलेली पैज. बाजार म्हणजे नाणं नव्हे, मान्य. पण ‘आता वर जायची पाळी’ हा हिशेब तोच.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या सप्टेंबर २०२४च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावरच्या अशा सौद्यांत, उतरलेल्या १०० वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ तोट्यात गेले. या ट्रेडर्समध्ये तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एकाच वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. पोरं मूर्ख आहेत म्हणून नव्हे. कमावणारा एक जण स्टेटसला स्क्रीनशॉट टाकतो, बुडालेले घरातही बोलत नाहीत. आणि जे डोळ्यांसमोर, तेच जास्त घडतं असं मन धरून चालतं. स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फ्लेक्स यावरच चालतात. त्यांवर निवड झालेल्यांचे फोटो असतात, बाकीच्यांचे कोण लावणार?

ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक गमतीदार प्रयोग मांडला होता. चक्र फिरवायचं, ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा अंदाज साधारण २५, तर ६५ पाहिलेल्यांचा ४५! आधी दिसलेला आकडा अंदाजाला स्वतःकडे ओढतो. सेलमध्ये खोडलेली ‘मूळ किंमत’ हेच काम करते. चक्राऐवजी चिठ्ठ्या घेतल्या तर हा प्रयोग कुठल्याही वर्गात एका तासात होतो.

अकरावीत बरीच मुलं गणित सोडतात, म्हणून दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यातच फासे-पत्त्यांच्या जोडीला अंदाज असे का चुकतात यावर चार पानं बालभारतीनं घालावीत. वेगळा विषय मात्र कृपा करून नको. लगेच गाईड निघेल आणि ‘अंदाज चुकण्याची कारणे सविस्तर लिहा (५ गुण)’ हा प्रश्न मुलं पाठ करून सोडवतील.

– एक गणित शिक्षिका, बार्शी