तात्यांच्या हातचं पिग्मीचं पुस्तक

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दिल्या,

चौदा महिने झाले. तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, दिवाळीच्या मेसेजला नुसते जोडलेले हात पाठवले. रागावलो नव्हतो रे. लाज वाटत होती. पण मध्यंतरी घरात एक वस्तू सापडली, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला दाखवून उपयोग नाही.

आधी घरचं उरकतो. सगळे बरे आहेत. माझी शुगर थोडी वाढलीय, गोळी चालू आहे. वैशालीची कंबर पावसाळ्यापासून धरलेली. ओंकार बारावीला. झालं.

माळ्यावरची आईची पत्र्याची ट्रंक खाली काढली होती. अक्काच्या आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं. क्रिप्टो एक्स्चेंजनं (बिटकॉइनसारखी नाणी घ्यायची-विकायची ती ऑनलाइन पेढी) तिचे पैसे काढू द्यायच्या आधी केवायसी पुन्हा मागितली, म्हणून तिच्या लग्नाचा दाखला शोधत होतो. दाखला सापडला नाही. सापडलं ते लुगड्याच्या घडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पिग्मीचं पुस्तक. तेच ते फिक्कट हिरव्या पुठ्ठ्याचं, तुझे तात्या पतसंस्थेसाठी दारोदार रोजची बचत गोळा करायचे तेव्हाचं. आत त्यांची जांभळ्या शाईतली सही, शेवटची रेघ लांब ओढलेली. रोजचे १० रुपये, कधी ५, दसऱ्याला २०. शेवटची नोंद जुलै १९९९. एकूण ११,४००.

त्यानंतरची पानं कोरी असायला हवी होती. पण पुस्तक उलटं धरलं तर मागच्या पानापासून आईचं अक्षर सुरू होतं. तारीख, आणि पुढं ‘तात्या २००’. खाली परत ‘तात्या २००’. दिव्याखाली बसून बोट ठेवत मोजलं. फेब्रुवारी २००० ते ऑक्टोबर २००४. ५७ ओळी. गुणाकार तू कर, तू बँकेतला माणूस.

तुला हे माहीत होतं का?

मला नव्हतं. आणि मी तुला शाळेच्या मागच्या पटांगणात काय म्हणालो होतो ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. ‘तुझ्या बापानं माझ्या आईचे पैसे खाल्ले.’ तू कानाखाली ओढलीस, वर्षभर बोलला नाहीस. मग शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेनं शेवटच्या मिनिटाला गोल केला तेव्हा मिठी मारलीस आणि आपण विषय तिथंच गाडला. (त्या मॅचचा गोल ऑफसाइडच होता. तू पंचवीस वर्षं नाही म्हणतोयस, मी पंचवीस वर्षं हो म्हणतोय.) पण दिल्या, आपण विषय गाडला तेव्हा तात्या दर महिन्याला आमच्या दारात येत होते. मी वर्कशॉपला उमेदवारी करत होतो, संध्याकाळी उशिरा यायचो. मला दिसलेच नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की पतसंस्था बुडाल्यावर तात्या महाद्वार रोडनं जायचे थांबले. कपिलतीर्थ मंडईत ज्या माळणी त्यांना ‘या तात्या’ म्हणून पेरू द्यायच्या, त्याच हात धरून विचारायला लागल्या. चेअरमन कुठल्या कुठं गेला. त्याला कुणी पाहिलेलंच नव्हतं. लोकांनी पैसे संस्थेला दिलेच नव्हते, तात्यांना दिले होते.

आणि आज मी तात्या झालोय.

२०२३ साली तुझ्या गॅलरीत बसून मी तुला मोबाइलवर एक्स्चेंजचं खातं दाखवत होतो, तेव्हा तू एकच विचारलंस, ‘चावी कुणाकडं?’ मी भडकलो. म्हटलं, तू पगाराच्या खुर्चीत बसून आम्हाला काय शिकवतोस. वहिनींनी केलेली मिसळही अर्धी टाकून उठलो. (ती मिसळ नव्हती, फरसाणावर आमटी होती, हे आजही म्हणतो. पण उठायला नको होतं.) तू विचारत होतास ते मला आता नीट कळतंय. मोबाइलवर दिसतो तो आकडा म्हणजे एक्स्चेंजच्या वहीतली आपल्या नावची ओळ. नाणी त्यांच्या वॉलेटमध्ये, वॉलेटची चावी, म्हणजे ज्याच्याशिवाय नाणी हलत नाहीत तो गुप्त आकडा, त्यांच्या हातात. पिग्मीच्या पुस्तकात आणि त्यात फरक काय? एवढाच, की पुस्तकावर तात्यांची सही तरी होती.

माझे गेले त्याचं मी गिळलं असतं. अक्काचे २,६०,००० होते. उसाचं बिल आणि चार वर्षांच्या दुधाच्या बिलातून साठवलेले. मीच म्हटलं, बँकेत किती वाढतात, इकडं टाकू. तिच्या नावचं खातं मी उघडलं, तिच्याच मोबाइलवरून. प्रत्येक वेळी ओटीपी आला की ती कागलहून फोनवर एकेक आकडा वाचून दाखवायची, ‘चार... सात... परत सात...’ एकदा मीच बजावलं, अक्का, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. तर म्हणाली, ‘तू कुणी आहेस काय?’

आमचं एक्स्चेंज हॅक झालं त्या सकाळी मी वर्कशॉपचं शटर उघडत होतो. ‘पैसे काढा’चं बटण राखाडी पडलेलं. आणि आकडा जिवंत! बाजार वर गेला की वर, खाली आला की खाली. दाबलं की काहीच नाही. पहिले चार दिवस त्यांचं एकच, देखभालीचं काम सुरू आहे. चोरी झाल्याचं आम्हाला बातम्यांतून कळलं. मग मेल. मग नव्या मेलमध्ये आधीच्या मेलपेक्षा निराळंच. चोरी करणारा चोर, त्याला मी काय बोलू? पण ज्यांच्या हातात चावी दिली त्यांनी चार दिवस खोटं सांगितलं, ते माझ्या मनातून जात नाही.

रात्र रात्र वाचत बसलो. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट नावाच्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर नावाचं नाणं गेलं. एवढी मोठी चोरी या धंद्यात आधी झाली नव्हती. त्यांच्याकडं एका सहीवर भागत नव्हतं, अनेक सह्या लागायच्या, नाणी ऑफलाइन ठेवलेली. तरी गेली. कशी, तर सह्या करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होता नेहमीचाच व्यवहार, आणि सही पडत होती भलत्याच हुकमावर. वॉलेटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या एका माणसाच्या संगणकात चोर आधीच शिरले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर चेअरमन, सेक्रेटरी, मॅनेजर तिघांनी चेक बघून सही केली, आणि खालच्या कार्बनमधून सही उमटली ती दुसऱ्याच कागदावर. पण पुढचं ऐक. त्यांचा मुख्य माणूस त्याच रात्री सगळ्यांसमोर लाइव्ह बसला, काय गेलं ते सांगितलं, आणि पैसे काढणं बंद केलं नाही. लोकांची झुंबड उडाली तरी दिले. मला ते वाचून अक्षरशः रडू आलं. कारण मला आमचं ते राखाडी बटण आठवलं.

अमेरिकेच्या एफबीआयनं त्या चोरीचं बोट उत्तर कोरियाकडं दाखवलं. आणि तुला आठवत असेल, ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, तू दुसऱ्या बँकेत असूनही आठवडाभर रात्री घरी गेला नव्हतास. २८ देशांतल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे निघाले, त्यातले काही आपल्या कोल्हापुरातनंही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात तेही उत्तर कोरियाच्याच खात्यावर मांडलंय. म्हणजे आपल्या गावच्या एटीएमपर्यंत ते लोक आधीच येऊन गेले होते रे! पण कॉसमॉसमध्ये एका तरी खातेदाराच्या खात्यातला रुपया कमी झाला का? नाही. तोटा बँकेनं सोसला. तू तेव्हा हे मला सांगितलं होतंस, मी ‘हं’ म्हणून चहा मागवला होता.

आमच्याकडं तोटा आम्हीच सोसला. सगळ्यांच्या खात्यातून सारख्या प्रमाणात कापून घेतलं, ज्यांचं नाणं चोरीला गेलंच नव्हतं त्यांचंही. हे नवं नाही म्हणे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बिटफिनेक्स नावाच्या एक्स्चेंजमधून जवळजवळ १ लाख २० हजार बिटकॉइन गेले तेव्हा त्यांनी प्रत्येकाचे ३६ टक्के कापले, बदल्यात एक टोकन, म्हणजे पुढं पैसे देऊ अशी डिजिटल चिठ्ठी, दिलं, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत त्याचे पैसे चुकते केले. तिथं वाट बघणाऱ्याला मिळाले. टोकियोचं माउंट गॉक्स एक्स्चेंज बुडालं, तिथल्या खातेदारांनी २०१४ पासून वाट बघितली, नाणी परत मिळायला लागली ती २०२४ मध्ये. अक्काला मी दहा वर्षं थांब म्हणून सांगू? ती त्रेपन्नची आहे.

आणि मी किती मूर्खासारखा निश्चिंत होतो बघ. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, जुलैपासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. मी अक्काला काय सांगितलं माहीताय? ‘सरकार कर घेतंय म्हणजे पक्कं आहे.’ कर घेतला म्हणून हमी दिली असं होत नाही, हे मला चाळिशीत कळलं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. तात्यांच्या पतसंस्थेला नव्हता, या एक्स्चेंजला नाही. एका नाण्यातल्या तोट्याची दुसऱ्याच्या नफ्यातून वजावटसुद्धा नाही.

आता त्यांनी पुन्हा दार उघडलंय. आता म्हणतात, आमच्या राखीव साठ्याचा पुरावा बघा, वेबसाइटवर आहे. मी बघितला. वॉलेटमध्ये किती आहे ते दिसतं. पण देणं एकूण किती आणि कुणाकुणाचं, ते कुठाय? ऑडिटच्या दिवशी तिजोरी उघडून दाखवायची आणि ठेवीदारांची यादी कपाटात ठेवायची, हे आपण एकदा बघितलंय. देणं आणि साठा दोन्ही एका कागदावर दाखवा, बाहेरच्या माणसाकडून तपासून, दर महिन्याला. मग मी परत येईन. खरंच येईन. मला या तंत्राचा राग नाही, दिल्या. उरलेले माझे मी एका छोट्या यंत्रात, माझ्याच हातातल्या वॉलेटमध्ये घेतलेत, त्याच्या चावीचे २४ शब्द कागदावर लिहून. कागद आईच्या ट्रंकेत.

अक्काचे १,४८,००० निघाले. गुरुवारी तिच्या बँकेत जमा झाले, मेसेज मी स्वतः बघितला. राहिले १,१२,०००. त्याच्या बदल्यात एक्स्चेंजनं ‘पुढं देऊ’ असं एक टोकन टाकलंय खात्यात.

त्या दिवशी कागलला गेलो. पिग्मीचं पुस्तक बरोबर नेलं होतं. म्हटलं, अक्का, राहिलेले मी देणार, महिन्याला ४,०००. म्हैस धार द्यायला तयार नव्हती, तिचं सगळं लक्ष तिकडं. म्हणाली, ‘तू काय चोरलेस काय? नको मला.’ आणि वर, ‘ते टोकन का काय, राहू दे तिथंच. तू म्हणशील तेव्हा काढू.’ अजूनही, तू म्हणशील तेव्हा! एवढं होऊन एकदाही विचारलं नाही रे तिनं, माझे पैसे कुठायत म्हणून. भांडली असती तर मी झोपलो असतो.

मग पुस्तक काढून दाखवलं. बराच वेळ बघत बसली. तिला सगळं माहीत होतं. आईनं सांगू नको म्हटलेलं, विज्या आणि दिल्या परत बोलायला लागलेत, परत जुनं उकरायला नको. मी विचारलं, आईनं घेतले कसे? आई कुणाचे असे पैसे घेणारी बाई नव्हती. अक्का म्हणाली, ‘पहिल्या वेळी घेतच नव्हती. तात्या उंबऱ्यावर बसून राहिले. मग काहीतरी बोलले, आणि आईनं हात पुढं केला. मी आत चहा टाकत होते, मला ऐकू आलं नाही.’

वैशाली म्हणते, गुपचूप तिच्या खात्यात टाकत जा, कळणारही नाही. मला ते बरोबर वाटत नाही. तात्यांनी गुपचूप टाकले नव्हते, दारात येऊन दिले होते. ओंकारची फी आहे, दोन लेथपैकी एकच चालतंय, तरी ४,००० निघतील, त्याची काळजी तू करू नकोस आणि ‘मी देतो’ तर अजिबात म्हणू नकोस, परत भांडण होईल.

तुझी बदली झाली का पुण्यातल्या पुण्यातच? श्रुतीला पाहिजे ते कॉलेज मिळालं असं सुन्या म्हणत होता, तिला माझ्याकडून आशीर्वाद सांग. वहिनींना मिसळीबद्दल माफी. तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला तिसऱ्याकडून कळलं, तेव्हा मी यायला हवं होतं.

तात्यांना एवढं विचार. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून ते आईला काय बोलले. आठवत नसेल तर पुस्तक दाखवायला मी स्वतः येतो, पण आठवत असेल तर मला शब्दाला शब्द हवंय. मी अक्कासमोर पाच वेळा तोंड उघडलं आणि पाचही वेळा म्हशीवर बोललो. पहिली तारीख येत्या शनिवारी आहे. सकाळी आठच्या एसटीनं मी कागलला जाणार आहे.

त्याआधी फोन कर. मी उचलेन.

तुझा,
विज्या