ग्रॅनाडा बँजोची हकीकत

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडचा बँजो कसा असतो, असे आपण विचारले होते. आपल्या मिरवणुकीतले कळांचे वाद्य निराळे; इथल्या बँजोला डफासारखे मढवलेले गोल तोंड आणि पडद्यांची लांब दांडी असते, आणि आखूड पाचव्या तारेची खुंटी दांडीच्या कडेला, पाचव्या पडद्याशी असते.

मला सर्वांत आवडतो तो अर्ल स्क्रग्ज यांचा ग्रॅनाडा. स्क्रग्ज याच राज्यातल्या शेल्बीजवळचे. तीन बोटांच्या त्यांच्या वादनाने बँजोचा बाजच बदलला. त्यांचे वाद्य गिब्सन कंपनीने 1930 च्या दशकात मिशिगनमधल्या कॅलमझू गावी घडवले. धातूकामावर सोन्याचा मुलामा आणि कोरीव नक्षी आहे, पण खरे मर्म आहे ते मेपलच्या घेरावर बसवलेल्या, दीड किलोच्या आसपास वजनाच्या कांस्याच्या कड्यात. कडे सपाट असले की वरचे मढवलेले तोंड जवळजवळ काठापर्यंत मोकळे थरथरते आणि खर्ज भरून येतो. उंचवट्याच्या कड्यावर तो भाग लहान होतो आणि आवाज टोकदार निघतो. शेजारच्या आजोबांनी त्याच धर्तीच्या आपल्या बँजोचे मागचे लाकडी ताट उतरवून मला वीस भोकांचे असे सपाट कडे दाखवले आणि नखाने टिचकी मारली, तेव्हा नाद बराच वेळ रेंगाळला.

स्क्रग्ज यांच्याआधी हा ग्रॅनाडा स्नफी जेंकिन्स यांच्याकडे होता. त्यांना तो साउथ कॅरोलायनातल्या एका गहाणवटीच्या दुकानात मिळाला होता. त्यांच्याकडून तो डॉन रेनो यांच्याकडे गेला. पुढे 1949 च्या सुमारास स्क्रग्ज यांनी आपला गिब्सन बँजो देऊन तो घेतला, आणि रेनो यांनी वर एक मार्टिन गिटारही दिली. तिघेही नामांकित वादक असल्याने ही अदलाबदल मला घराण्याच्या वारशासारखी वाटते. स्क्रग्ज यांनी वाजवता वाजवता सूर उतरवता यावा म्हणून खुंट्यांच्या भागात जादा कळा बसवल्या, आणि पुढे दांडीही बदलून घेतली. संग्राहक मूळ भागांना फार जपतात, पण रोज वाजणाऱ्या वाद्यात असे फेरफार व्हायचेच, आणि मला ते मुळीच खटकत नाहीत. 2012 साली निधन होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

ध्वनिमुद्रण वेगळे पाठवत आहे. ऐकताना अंगठ्याखालच्या पाचव्या तारेकडे लक्ष द्यावे आणि आपले मत अवश्य कळवावे.

आपला पुतण्या