तरुण आउटफिल्डरची पारख: मित्रास पत्र

ट्रेंटन, न्यू जर्सी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ब्रिजवॉटरला राहायला गेल्यापासून तू सॉमरसेट पेट्रियट्स या बेसबॉल संघाचे सामने नेमाने पाहू लागला आहेस, हे वाचून फार आनंद झाला. विशीतल्या आउटफिल्डरची (मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूची) फलंदाजीची सरासरी, म्हणजे ॲट-बॅटमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण, ०.२२० वर घुटमळत असतानाही क्लब त्याला रोज का खेळवतो, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर मला आमच्या ट्रेंटनच्या मैदानावरून पुढे गेलेल्या ॲरन जजच्या वाटचालीत सर्वांत स्पष्ट दिसते.

२०१५ मध्ये ट्रेंटन हा न्यूयॉर्क यांकीज या क्लबचा डबल-ए, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या मेजर लीगपेक्षा दोन पायऱ्या खालचा, संघ होता आणि जज इथे ०.२८४ च्या सरासरीने खेळला. त्याच उन्हाळ्यात त्याला स्क्रँटनच्या ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीच्या) संघात बढती मिळाली आणि तिथे सरासरी ०.२२४ वर आली. पुढच्या वर्षी त्याच पातळीवर त्याने ती ०.२७० वर नेली. १३ ऑगस्ट २०१६ रोजी मेजर लीगमधल्या पहिल्याच ॲट-बॅटला (फलंदाजीच्या पाळीला) त्याने होम रन (सगळे बेस पार करून देणारा फटका) मारला खरा, पण मोसम संपला तेव्हा सरासरी ०.१७९ होती आणि ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ वेळा, म्हणजे नेमका निम्म्या वेळा, तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला होता. त्या आकड्यांवर विसंबून ज्यांनी त्याच्याबद्दलची आशा सोडली असेल, त्यांना २०१७ मध्ये त्याच खेळाडूचे ५२ होम रन पाहावे लागले. बढती मिळाली की घसरण आणि दुसऱ्या वर्षी सावरणे, हा क्रम त्याच्याबाबतीत दोनदा दिसला. म्हणून पहिल्या घसरणीपेक्षा तिच्यानंतर फलंदाज काय बदलतो, याला मी अधिक महत्त्व देतो.

हा बदल सरासरीत उशिरा दिसतो. जज २०१७ मध्येही २०८ वेळा स्ट्राइकआउट झाला, परंतु त्याने १२७ वॉक (चार चेंडू बाहेर पडल्यावर फलंदाजाला मिळणारा पहिला बेस) मिळवले, म्हणजेच स्ट्राइक झोनबाहेर (फलंदाजासमोरच्या ठरावीक पट्ट्याबाहेर) जाणारा चेंडू सोडून देण्याचा संयम त्याच्याकडे होता. याच्या उलट डेल्मन यंगचे पाहा. २००३ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) सर्वांत आधी निवडला गेलेला तो खेळाडू, मायनर लीगमध्ये (मेजर लीगखालच्या पातळ्यांवर) गाजलेला. २००७ मध्ये टँपा बेकडून सर्व १६२ सामने खेळून त्याने ०.२८८ ची देखणी सरासरी राखली. वॉक मात्र अवघे २६ आणि स्ट्राइकआउट १२७. पुढे प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या निर्णायक सामन्यांत) त्याने काही संस्मरणीय खेळी केल्या, हे मान्य करायलाच हवे. पण ज्या उंचीची अपेक्षा होती ती त्याने गाठली नाही आणि तिशीच्या आतच तो मेजर लीगमधून बाहेर पडला.

वयाचाही विचार कर. डबल-एमध्ये बहुतेक खेळाडू तेवीस-चोवीस वर्षांचे असतात, त्यामुळे तिथे एकोणीस वर्षांच्या मुलाची मध्यम कामगिरी सव्वीस वर्षांच्या खेळाडूच्या उत्तम कामगिरीपेक्षा मोलाची ठरू शकते. आपल्याच राज्यातल्या मिलव्हिलचा माइक ट्राउट एकोणिसाव्या वर्षी डबल-एमध्ये ०.३२६ ने खेळत होता. त्याच वर्षी, २०११ मध्ये, एंजल्स या क्लबने त्याला वर मेजर लीगमध्ये बोलावले तेव्हा त्याची सरासरी ०.२२० राहिली, आणि पुढच्याच मोसमात ३० होम रन व ४९ चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले पुढचे बेस) त्याच्या नावावर लागले. ड्राफ्टमध्ये तो पंचविसावा निवडला गेला होता, आणि त्याच्या लगेच आधीच्या निवडीत खुद्द एंजल्सनेच दुसरा आउटफिल्डर घेतला होता, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते! न्यू जर्सीसारख्या थंडीच्या प्रदेशातला शालेय मोसम आखूड आणि समोरचे पिचर (चेंडू टाकणारे) कच्चे, त्यामुळे अशा मुलाची पारख अवघड जाते.

धाव आणि हाताची फेक मोजणे त्या मानाने सोपे. उजव्या हाताचा फलंदाज ४.३ सेकंदांच्या आसपास पहिल्या बेसवर पोहोचला तर तो सर्वसाधारण वेगाचा समजावा. स्टॉपवॉच नसेल तर चेंडू बॅटवर बसताच आउटफिल्डरचे पहिले पाऊल कोणत्या दिशेला पडते, एवढे बघ. वेगवान असूनही चुकीच्या दिशेने निघणारा सेंटर फिल्डमध्ये फार काळ टिकत नाही.

पुढच्या सामन्याला त्या मुलाच्या मागे, होम प्लेटजवळची जागा घे. दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर वळणारा स्लायडर चेंडू तो किती वेळा सोडतो, हे लिहून ठेव आणि मला कळव. ऑगस्टमध्ये त्याच पिचरांशी पुन्हा गाठ पडेल, तेव्हा हीच नोंद पुन्हा कर. दोन्ही समोर ठेवून मग त्याच्याबद्दल सविस्तर बोलू.

तुझा मित्र