त्या चार इस्पिकबद्दल

प्रिय भिडू,

तुझं पत्र मिळालं. चारातली साडेतीन पानं ब्रिजच्या त्या एका डावावर आहेत आणि 'ट्रान्सफर' हा शब्द अकरा वेळा आलाय. मोजला मी.

डाव माझ्याही डोक्यातून जात नाही. तू एक नो ट्रम्प (हुकुमाशिवाय सात हात करायची बोली) म्हणालास, म्हणजे मोठ्या पानांचे 15 ते 17 पॉइंट. माझ्या उजवीकडून डबल आलं, म्हणजे समोरच्यांनी गुण वाढवायचं आव्हान दिलं. माझ्याकडे सहा बदाम, राणी-गुलाम धरून, बाकी कचरा. दोन बदाम म्हटलं आणि मनातल्या मनात सुटलो. एरवी तिथे दोन बदाम म्हणजे ट्रान्सफर: माझ्याकडे पाच इस्पिक आहेत, तू दोन इस्पिक म्हण. डबल आलं की ट्रान्सफर बंद, बोली सरळ, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की आपण ते कधी ठरवलंच नाही, हेही ध्यानात आलं नाही. तुझ्या लेखी मात्र ते डबल आलंच नव्हतं. अलर्ट केलंस (या बोलीला खास अर्थ आहे, असा इशारा), त्यांनी विचारल्यावर शांतपणे सांगितलंस, 'ट्रान्सफर, पाच इस्पिक', आणि दोन इस्पिक म्हणालास.

तू विचारतोस, घोटाळा तेव्हाच कळला होता, मग बाहेर का नाही पडलास? कळला होता रे. पण तुझ्या तोंडून कळला, तुझ्या बोलीतून नाही. तू दिलेला खुलासा समोरच्यांसाठी. मी तो ऐकलाच नाही असं धरून बोलायचं. मग स्वतःला विचारलं, कानात बोळे असते तर त्या दोन इस्पिकचा काय अर्थ लावला असता? बदाम आवडलेत, इस्पिकमध्ये ताकद आहे. असल्या भिकार पानांवर त्याला उत्तर एकच: तीन बदाम, आता थांब. तुला त्यात पाच इस्पिक आणि पाच बदाम दिसले. चार इस्पिक. डबल. तिथून पाच बदामवर पळालो असतो, तर ते कानावर पडलेल्याच्या जोरावर. पास.

पहिलं पान पडायच्या आधी डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलावून मी सांगितलं की डबलनंतरच्या ट्रान्सफरबद्दल आमचं काहीच ठरलेलं नाही. तेव्हा तुझा चेहरा पाहवेना. मग मी डमी, म्हणजे माझी पानं उघडी, मांडली. हुकूम म्हणून इस्पिकची एकुलती एक दुरी. तरी तू 'थँक यू, पार्टनर' म्हणालास! बाकी सगळ्यावर भांडू, पण त्याला मानलं. व्हल्नरेबल (म्हणजे दंड जास्त), चार हात कमी, 1100 गेले. दोन बदाम झाले असते तर 110 मिळाले असते.

आणि तुला गंमत सांगू? मागचा तो 6 नो ट्रम्प आठवतो? तुझ्या एक नो ट्रम्पवर मी 16 पॉइंटवर चार नो ट्रम्प म्हणालो: 17 असतील तर सहा म्हण, 15 असतील तर पास. तू त्याला ब्लॅकवुड (एक्के किती, हा प्रश्न) समजून एक्के मोजलेस आणि पाच बदाम म्हणालास, म्हणजे दोन. मला वाटलं, गडी तयार आहे. सहा म्हणून टाकलं. तुझ्याकडे 15च होते, पण दोन्ही फिनेस (मोठं पान कुणाकडे, यावरचे डाव) लागल्या आणि आपण एकमेकांची पाठ थोपटली. तोही याच जातीचा घोटाळा होता. त्यावर तू अर्धं पानही लिहिलं नव्हतंस. मीही नाही म्हणा.

35 बोल्या, वर पास, डबल आणि रीडबल (डबलवरचं डबल). जेमतेम 38 शब्दांची भाषा, आणि त्यातल्या डबलचे अर्थ मात्र विचारू नकोस. निगेटिव्ह डबल (दंडासाठी नाही, न बोललेले रंग दाखवायला) 1957 मध्ये आलं, त्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक उडाला, म्हणून त्याला स्पुटनिक डबलही म्हणायला लागले. ते आपण खेळतो, हे दोघांनाही ठाऊक आहे. कुठल्या पायरीपर्यंत खेळतो, ते सांग बघू. मी म्हणतो तीन इस्पिकपर्यंत. तू?

तेव्हा कन्व्हेन्शनांची, म्हणजे ठरवलेल्या खुणांची, नावं पुरे. प्रत्येकीपुढे ती कुठे बंद पडते तेवढंच लिही. मध्ये डबल आलं तर, मध्ये बोली आली तर, आधी पास केलेला असेल तर. मला न विचारता लिही, पुस्तकही उघडू नकोस. माझी उत्तरं लिहून पाकीट चिकटवलंय. रविवारी खेळायच्या आधी दोन्ही पाकिटं एकदम फोडू. आपल्या एक नो ट्रम्पवर डबल आलं आणि मी रीडबल केलं तर काय, हे पहिल्या ओळीत हवं. माझ्या पाकिटात त्याचं उत्तर दोनदा खोडलंय.

तुझा,
अजूनही भिडूच