'किंमत उतरली' म्हणजे नेमकी कुठून?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या घरखरेदीच्या पुरवणीत सध्या 'किंमत उतरली' असा ठळक शिक्का मारून शहरातल्या रुळालगतच्या घरांची भलतीच भलामण चालली आहे. एकाच घराची किंमत लागोपाठ उतरत गेल्याचे सांगून आपल्या प्रतिनिधीने त्याला 'चालून आलेली संधी' म्हटले आहे. माझी सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली. गाडी दिसायच्या आधी ती कानांनी ओळखायची आणि बाजूला व्हायचे, हे आमच्या कामातले पहिले शिक्षण. त्यामुळे आवाजाबद्दल थोडे अधिकाराने लिहितो. किमतीबद्दल लिहितो ते मात्र चार घरांचे व्यवहार जवळून पाहिलेल्या माणसाच्या शहाणपणाने.

किंमत उतरली ती कशावरून? मालकाने आधी सांगितलेल्या आकड्यावरून. तो आकडा त्याच्या मनातला. शंभर मागितले आणि नव्वदवर आला, म्हणून घर दहाने स्वस्त झाले असे कसे म्हणायचे? ते शंभराला कोणी घेतलेलेच नव्हते. बहुतेक वेळा हा पहिला आकडा दोन गल्ल्या आतल्या, तेवढ्याच खोल्यांच्या घराचा भाव ऐकून ठरतो. त्या घरात गाडी ऐकू येत नाही, एवढाच काय तो फरक. मग माणसे घर बघायला येतात, गाडी जाते, बोलणे मधेच थांबते, आणि 'कळवतो' म्हणून जी जातात ती पुन्हा फोन करत नाहीत. मालक थोडा खाली येतो. पुन्हा तेच. प्रत्येक कपात म्हणजे बघून गेलेल्या लोकांनी मालकाला परत ऐकवलेला गाडीचा आवाज. त्यात घेणाऱ्याला सूट कुठे मिळाली? आवाजाचा हिशेब पहिल्या आकड्यात धरलाच नव्हता, तो आता हप्त्याहप्त्याने धरला जातो आहे.

हप्त्याहप्त्याने उतरण्यात मालकाचेही हसे होते. घर बाजारात आले की पहिल्या काही आठवड्यांतच खरे गरजू येऊन बघून जातात. ते परतले की मागे राहतात ते वाट बघणारे. आणि एकदा कपात दिसली की ते पुढच्या कपातीची वाट बघतात. दलालाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो जाहिरात काढून घेतो आणि थोड्या दिवसांनी 'नवीन' म्हणून पुन्हा लावतो. घर किती दिवस पडून आहे हे त्या नवीनपणात बेमालूम झाकले जाते. आपल्या पुरवणीने निदान या युक्तीला हातभार लावू नये.

आता आवाजाकडे येतो. 'रुळालगत' या एका शब्दात आपण सगळी घरे एकाच पोत्यात भरली आहेत, आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. गाडीचा आवाज मुख्यतः चाक आणि रूळ यांच्या पृष्ठभागाच्या खरखरीतपणातून येतो. सलग वेल्ड केलेला, नीट घासून ठेवलेला रूळ असेल तर गाडी सळसळत जाते. फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीचे, जोड असतील तर खडक-खडक ठेका धरते. ब्रेक लागून चाक घसरले की त्याला चपटा डाग पडतो आणि तेवढे एकच चाक प्रत्येक फेऱ्याला हातोडा मारत जाते. रूळ बदलायच्या सांध्यावरून जाताना दणका वेगळा. तीव्र वळणावर चाके किंचाळतात, आणि ती किंकाळी दार लावल्यावरही कानात घुसते. खडी नसलेल्या लोखंडी पुलाजवळ घर असेल तर सगळा पूलच ढोल होतो. घराबाहेरच सिग्नल असेल तर मालगाडी तिथे येऊन थांबते, आणि सुटताना तिच्या वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना, एकामागून एक बसणारा हिसका या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतो. त्यात वेगाची भर. गाडीचा वेग दुप्पट झाला की चाकांचा आवाज साधारण 9 डेसिबलने चढतो.

डेसिबलचा आकडा फसवा असतो, हे इथे सांगायलाच हवे. 10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट भासतो. म्हणून '60 आणि 70 मध्ये असा काय मोठा फरक' असे कोणी म्हणाले तर त्याला रात्री तिथे झोपायला पाठवावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रेल्वेच्या आवाजाची शिफारस केलेली मर्यादा दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून 54 डेसिबल आणि फक्त रात्रीसाठी 44 डेसिबल आहे. हे दोन्ही आकडे सरासरीचे. एकत्रित आकडा काढताना संध्याकाळच्या आवाजात 5 आणि रात्रीच्या आवाजात 10 डेसिबल जास्तीचे धरतात, कारण तोच आवाज रात्री अधिक छळतो हे मान्य झालेले आहे. तरी सरासरी ती सरासरीच. रात्री मोजक्याच गाड्या गेल्या तर आकडा सभ्य दिसतो, पण झोपलेला माणूस दचकतो तो त्या एका गाडीने. भोंग्याचे तर विचारूच नका. अमेरिकेत 2005 पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे फाटकाजवळ येणाऱ्या इंजिनाने 15 ते 20 सेकंद आधी भोंगा वाजवायचा असतो, आणि तो इंजिनापुढे 100 फुटांवर 96 ते 110 डेसिबल भरला पाहिजे. माणसे वाचवायला तो हवाच. पण फाटकाशेजारच्या घराची किंमत ठरवताना तो ऐकूच येत नसल्यासारखे वागायचे, हे काही खरे नाही.

आपल्या प्रतिनिधीने घर बघण्यासाठी सुट्टीच्या दिवसाची दुपार सुचवली आहे आणि वेळापत्रक बघून गाड्या मोजायला सांगितल्या आहेत. पण वेळापत्रक असते प्रवासी गाड्यांचे. मालगाड्या त्यात नसतात, आणि दिवसा मार्ग प्रवासी गाड्यांनी भरलेला असल्यामुळे त्यांना बऱ्याचदा रात्रीच वाट मिळते. शिवाय निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची त्यामानाने उबदार राहते, आणि वर जाणारा आवाज वळून खाली येतो. लांबची गाडी रात्री जवळ वाटते ती त्यामुळे, केवळ शांततेमुळे नव्हे. तेव्हा घर बघायचेच असेल तर मध्यरात्रीनंतर रस्त्यावर उभे राहून ऐकावे. मालक आत घेणार नाही, पण रस्ता त्याच्या मालकीचा नसतो.

दलाल आणखी दोन गोष्टी छातीठोकपणे सांगतात. पहिली, 'रूळ अगदी लागून नाहीत, चांगले पन्नास मीटर आहेत.' लांबच्या लांब गाडीचा आवाज एका बिंदूतून येत नाही, सगळ्या रेषेतून येतो. अंतर पंचवीसचे पन्नास मीटर केले तर तो जेमतेम 3 डेसिबलने उतरतो, आणि तेवढा फरक कानाला मुश्किलीने कळतो. अंतरापेक्षा मध्ये उभी असलेली सलग इमारत कितीतरी जास्त कामाची. म्हणूनच रुळांकडे तोंड केलेली पहिली रांग आणि तिच्या आडची दुसरी रांग यांचे भाव वेगळे असायला हवेत, दोन्ही पत्त्यांत रस्त्याचे नाव एकच असले तरी.

दुसरी गोष्ट, 'वरचा मजला घ्या, आवाज खाली राहतो.' याच्या बरोबर उलटे घडते. रुळांलगत उभारलेली ध्वनिरोधक भिंत उपयोगी पडते ती तिच्यामुळे चाके नजरेआड होतात तोवरच. ज्या खिडकीतून रूळ दिसतात तिथे भिंत असून नसल्यासारखी. अशा बांधकामात बहुतेकदा तळमजल्यावरचा माणूस सुखी आणि देखाव्याचे जास्त पैसे मोजणारा वरचा माणूस त्रासलेला असतो.

'दुहेरी काच बसवली की प्रश्न मिटला' हे आपल्या पुरवणीतले वाक्यही अर्धेच आहे. उष्णता अडवण्यासाठी केलेली, सारख्या जाडीच्या दोन काचांची खिडकी मालगाडीच्या घुमणाऱ्या खर्जापुढे फारशी टिकत नाही. आवाजासाठी काचा वेगवेगळ्या जाडीच्या, शक्यतो मध्ये पातळ थर असलेल्या लॅमिनेटेड, दोहोंतले अंतर जास्त आणि चौकटीची फट पूर्ण बंद अशी खिडकी लागते. बोटाएवढी फट राहिली तरी सगळा खर्च पाण्यात. आणि बंद खिडकी म्हणजे बंद हवा, तेव्हा हवा खेळती ठेवायची सोय वेगळी करावी लागते. जमिनीतून येणाऱ्या हादऱ्याला तर काचेचा काहीच उपाय नाही. गाडी जाताना भिंतीला तळहात लावून बघावा, कपाटातली भांडी किणकिणतात का ते ऐकावे.

असे घर घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. रेल्वेच्या जवळ राहण्याचा फायदा आहेच, पण तो स्थानकाच्या जवळ राहण्याचा. रूळ जवळ आणि स्थानक लांब, अशा घराच्या वाट्याला फक्त आवाज येतो. हा फरकही आपल्या लेखात नाही. शिवाय आज आवाजामुळे कमी किमतीत मिळालेले घर उद्या विकताना आवाजामुळेच कमी किमतीत जाईल. मग फायदा कोणाला? चारचौघांपेक्षा ज्याला आवाजाचा त्रास खरोखर कमी होतो, त्याला. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याचे गणित वेगळे. ज्याची झोपायची खोली मागच्या बाजूला आहे त्याचे आणखी वेगळे. 'सवय होते' हे मात्र जपून बोलावे. जाग येणे कमी होते हे खरे, पण झोपेतही गाडीगणिक हृदयाची गती वाढत राहते, असे झोपेच्या अभ्यासांत दिसले आहे. जर्मनीत रेल्वेचा आवाज रस्त्याच्या आवाजापेक्षा कमी त्रासदायक असे धरून मोजणीत 5 डेसिबलची सूट दिली जाई. नव्या रेल्वेमार्गांच्या आखणीत 2015 पासून ती सूट काढून टाकण्यात आली.

घराची किंमत खरोखर बदलावी असे काही घडते ते रुळांवर. बिडाचे ब्रेक ठोकळे चाक खरखरीत करतात. त्यांच्या जागी संमिश्र द्रव्याचे ठोकळे आले की वाघिणींचा आवाज 10 डेसिबलच्या आसपास उतरू शकतो. स्वित्झर्लंडने 2020 पासून जुन्या गोंगाटी वाघिणींना बंदी केली ती याच कारणाने. उलट एखादा मार्ग वाढला, वेगमर्यादा उठली, तर आज बरे वाटणारे घर दोन वर्षांत नकोसे होईल. घर घेणाऱ्याने मालकाला किंमत विचारण्याआधी रेल्वेचा पुढचा बेत विचारावा.

आपल्याकडून अपेक्षा फार मोठी नाही. 'किंमत उतरली' छापताना पहिली मागणी किती होती, ती कोणत्या तारखेची आणि शेजारचे तसेच घर प्रत्यक्षात कितीला गेले, एवढे सोबत द्यावे. रुळांपासूनचे अंतर, मजला, झोपायच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आणि रात्री मालगाड्या जातात का, हे जाहिरातदाराला विचारून छापावे. तो उत्तर देणार नसेल तर 'माहिती दिली नाही' असे छापावे. आणि विकणाऱ्यांना एक सांगणे: रूळ आहेत हे जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहा आणि किंमतही पहिल्याच दिवशी त्या हिशेबाने लावा. येणारी माणसे कमी होतील, पण जी येतील ती गाडी गेल्यावरही बसून राहतील.

कळावे,
आपला,
रूळ देखभालीतून निवृत्त झालेला एक वाचक