छत्तीसचा रोल

अमळनेर,
२२ फेब्रुवारी

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा "दोन दिवसांत निवांत बोलतो" म्हणालो होतो. त्याला आता चार महिने होतील. रागावला असशील तर राग, पण हे पत्र पुरतं वाचून मग राग. तब्येत बरी आहे, साखर गोळीवर ताब्यात आहे. आबांचे गुडघे सोडले तर ते अजून रोज मळ्यात जाऊन येतात. ताई होस्टेलला जळगावला. बाकी घरचं सगळं ठीक. आता जे सांगायचंय ते फोनवर सांगता आलं नसतं. दोनदा नंबर लावला आणि तू "हॅलो" म्हणायच्या आत कापला. ते मिस कॉल माझे होते.

मी कॅमेरा घेतला, दिनू.

नवा नाही, वापरलेला. सोबत ५० मिलिमीटरची छोटी लेन्स. ही म्हणाली, मोबाईलमध्ये आहे ना कॅमेरा, मग हा कशाला? तिला काय सांगणार? तुला सांगायची गरज नाही. त्या अखाजीनंतर, त्या अक्षय्य तृतीयेनंतर, मी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. लग्नातसुद्धा दुसऱ्यांनी काढलेले फोटो लांबून पाहिले. पण गेल्या श्रावणात कानबाईच्या वेळी सगळी भावकी जमली, आबा ओट्यावर बसले होते, कंदिलासारखा पिवळा उजेड त्यांच्या गालावर पडला होता, आणि मला एकदम वाटलं की आईचा गेला तसा हाही जाईल. दिवाळीत बोनस आला, तो तिकडे गेला.

पहिला महिना सगळं ऑटोवर. मग आपल्या बस स्टँडसमोरच्या स्टुडिओवाल्या काकांकडे जाऊन बसायला लागलो. (तेच, ज्यांच्याकडे आपण दहावीच्या फॉर्मचे फोटो काढले होते आणि तू मागच्या पडद्यावरच्या ताजमहालासमोर उभं राहायचा हट्ट धरला होतास.) ते आता सत्तरीचे आहेत. मला म्हणाले, आधी एक महिना फक्त भोक शीक. भोक म्हणजे अ‍ॅपर्चर. आकडा लहान तेवढं भोक मोठं, हे उलटं गणित माझ्या डोक्यात शिरेना. मग त्यांनी कागदावर करून दाखवलं: लेन्सचे ५० मिलिमीटर भागिले भोकाचा व्यास. एफ १.८ म्हणजे जवळपास २८ मिलिमीटरचं भोक, एफ १६ म्हणजे जेमतेम ३. तुला हे एका ओळीत कळलं असतं, भागाकार तुझे कायमच बरोबर. मला दोन कप चहा लागला.

मोठं भोक ठेवलं की मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, म्हणून मी हरखून सगळं १.८ वरच काढत सुटलो. आबांचा जवळून फोटो काढला. मिशीचा केस न् केस स्वच्छ आणि डोळे धूसर. काका म्हणाले, मीटरभर अंतरावरून १.८ वर काढलंस तर तीनेक सेंटीमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो, मिशीवर फोकस धरलास तर डोळे गेलेच. डोळ्यावर धर, आणि भोक एफ ४ वर आण. आता मी माणसाच्या डोळ्याकडेच बघतो. लोक घाबरतात.

पण खरी मजा कापसाने आणली. यंदा भावाची वाट बघत कापूस अजून घरातच आहे, माजघरात आढ्यापर्यंत. सगळ्यांच्या अंगाला खाज. त्या ढिगाला टेकून आबा बसले होते, पांढरं धोतर, पांढरी टोपी, मागे पांढरा कापूस. मला वाटलं, यापेक्षा चांगला फोटो जन्मात मिळणार नाही. काढला, तर कापूस राखेसारखा. टोपी मळकी. आबांनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले, "हाई काय, माले भट्टीमा बसाडं का?"

काकांनी समजावलं ते असं. कॅमेऱ्यातल्या मीटरला कापूस कळत नाही. समोर जे काही आहे ते सगळं मिळून मधल्या करड्या रंगाचं, अठरा टक्के उजेड परत फेकणारं, असं धरून तो हिशोब करतो. समोर सगळं पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो कमी करतो. कापूस राख होतो. तसंच उलटं: नांगरलेल्या काळ्या रानाचा फोटो काढला की तो उजेड वाढवतो आणि आपली काळी कसदार जमीन मुरमाड दिसते. म्हणून कापसाला अधिक, काळीला उणे. तिथे एक बटण असतं, अधिक-उण्याचं. कापसाला मी सव्वा-दीड स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) अधिक देतो. दुसऱ्या दिवशी आबांना पुन्हा तिथेच बसवलं. टोपी पांढरी आली, आणि तिच्या शिवणीतला दोरासुद्धा दिसला. आबांनी फोटो बराच वेळ हातात धरला. बोलले काही नाहीत.

मध्ये एक दिवस एसटीने चाळीसगावला जाऊन आलो. तू धुळ्याला कॉलेजला असताना त्या स्टेशनवर आपण किती वेळा गाडी बदलली, आणि फोटोग्राफर केकी मूसांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर असताना एकदाही गेलो नाही! १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, आणि त्यातली कितीतरी वर्षं त्या घराबाहेर न पडता. आता तिथे संग्रहालय आहे. टेबलावर चार वस्तू मांडायच्या, उजेड असा सोडायचा की बघणाऱ्याला ते खरं रान, खरा रस्ता वाटावा, असे त्यांचे फोटो. मी एका फोटोसमोर किती वेळ उभा होतो ते कळलं नाही, शेवटी तिथल्या माणसाने खुर्ची आणून दिली. चाळीसगावात सांगतात की ते कुणाची तरी वाट बघायचे, रात्रीच्या गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवायचे. परतताना बसमध्ये मला तूच आठवत होतास. का ते आता सांगतो.

जानेवारीत शेजारच्या पोरींनी आपल्या निंबाला झोका बांधला. त्याच फांदीला. मी कॅमेरा घेऊन गेलो आणि सगळे फोटो हलले. काका म्हणाले, झोका खालून जातो तेव्हा सगळ्यात वेगात असतो, तिथे शटर सेकंदाच्या १/५०० तरी पाहिजे. पण वरच्या टोकाला, परत फिरायच्या आधी, तो क्षणभर थांबतो. तिथे दाब. १/६० लाही येईल. मी तसं केलं. पोरीची वेणी हवेत, पाय आभाळात, तोंडभर हसू. सगळं जागच्या जागी. घरी येऊन मी रडलो. हिला वाटलं साखर कमी झाली, तिने गूळ आणला.

तुला कळलं असेल. १९९४ ची अखाजी, आई आणि दोन्ही मावश्या त्या झोक्यावर, मामांचा यशिका कॅमेरा आणि छत्तीस फोटोंचा रोल. आई तशी हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. पोळ्याच्या आधी ती गेली. आपल्याकडे तिचा एकच फोटो, रेशन कार्डाचा, त्यात ती कुणावर तरी चिडल्यासारखी बघते.

आणि तू सपरीत बसून कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं होतंस. आत उजेड शिरला की रोल गेला.

मी तुला मारलं होतं. ओठ फुटला होता तुझा. दोन वर्षं बोललो नाही. त्यानंतर बोललो, पण तुला माहीत आहे आणि मलाही, की ते मधे कायम होतं. तुझ्या लग्नात मांडे वाढताना सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "याच्या हातात काही नाजूक देऊ नका." लोक हसले. तू हसला नव्हतास.

गेल्या महिन्यात काकांनी त्यांचा जुना रीळवाला कॅमेरा कपाटातून काढला. म्हणाले, रोल भरायला शीक, हात स्थिर होतो. रोलचं तोंड उजवीकडच्या चकरीच्या खाचेत घातलं, झाकण लावलं. मग त्यांनी माझं बोट धरून डावीकडच्या रिवाइंडच्या खुंटीवर ठेवलं. "लिव्हर ओढ. ही खुंटी उलटी फिरली पाहिजे. फिरली नाही तर समज की तोंड निसटलंय, रोल जागचा हलत नाहीये. फोटो मोजणारा काटा मात्र पुढे जात राहतो, छत्तीस झाले तरी थांबत नाही."

दिनू, माझे हातपाय गार पडले.

अडतीस. आपला काटा अडतीसवर गेला होता. तू म्हणाला होतास, "अडतीस कसे झाले रे? रोल फिरत नाहीये बहुतेक." मी मावशीला पाणी द्यायला गेलो आणि तू झाकण उघडून पाहिलंस. नंतर मार खातानासुद्धा तू एकच वाक्य म्हणत होतास, "चकरीवर काहीच नव्हतं रे, चकरी रिकामी होती." मी म्हणालो, खोटं बोलतो.

घरी येऊन आईची ट्रंक काढली. लॅबवाल्याने "एकही प्रिंट निघणार नाही" म्हणून निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात परत दिल्या होत्या. मी त्या कधी उजेडाकडे धरल्याच नव्हत्या. धरून काय पाहणार होतो? दुसऱ्या दिवशी काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी ट्यूबलाइटसमोर एक एक पट्टी धरली. मला म्हणाले, रंगीत रोलला ऊन लागलं असतं तर निगेटिव्ह काळीकुट्ट आली असती. हे बघ. सुरुवातीचं वीतभर काळं, रोलचं तोंड तेवढंच बाहेर होतं. पुढे सगळ्या पट्ट्या नारिंगी, काचेसारख्या स्वच्छ. कडेला कंपनीचे आकडे छापलेले, १ पासून ३६ पर्यंत, आणि आकड्यांच्या वर काही नाही. यावर उजेड पडलाच नाही कधी. डबीच्या आत सुरक्षित होता.

तू काही बिघडवलं नाहीस. तू झाकण उघडलंस तेव्हा बिघडायला आत काही नव्हतंच. रोल आदल्या रात्री मी भरला होता. तू म्हणालास "मी भरतो, मला दाखवलंय दादाने", आणि मी तुझ्या हातातून ओढून घेतला, मामांचा आहे म्हणून.

माफी मागतो. या शब्दाला तीस वर्षांच्या मानाने काहीच वजन नाही, पण दुसरा शब्द मला येत नाही.

आता जी काळजी मला झोपू देत नाही ती आबांची. तू घरी आलास की आबा उठून गोठ्यात जायचे, ते तू पाहिलंयस. ते तुला कधी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात पक्कं आहे की बायकोचा हसरा चेहरा दिन्याने घालवला. मीच ते त्यांच्या मनात घातलं. आता वय ८२. सांगू का? कधी वाटतं, कशाला, राहिलेले दिवस शांत जाऊ दे, त्यांना मुलाबद्दल हे कशाला कळायला हवं. मग वाटतं, म्हणजे अजूनही मी तुझ्यावरच ठेवतोय. हिला विचारलं तर ती म्हणाली, तुम्हाला आबांची भीती वाटते की स्वतःची? उत्तर दिलं नाही मी. दोनदा त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसलो. एकदा त्यांनी भरताच्या वांग्यांचा विषय काढला, एकदा मीच कापसाचा भाव सांगून उठलो. परवा तर पट्टी खिशात होती. ते म्हणाले, "काय शे खिसामा?" मी म्हणालो, बिल.

त्यांना नुसतं सांगून चालणार नाही, दाखवावं लागेल. काळा तुकडा कोणता, स्वच्छ कोणता. डोळ्यांना आता तेवढं दिसतं का हाही प्रश्न. पण येत्या अखाजीच्या आत सांगेन, हे तुला लिहून देतो. आधी लिहिलं की मागे फिरता येणार नाही, म्हणूनही लिहितोय.

सहा फ्रेमची एक पट्टी या पाकिटात घातली आहे. ती तुझी.

तुझं काय? सुरतेच्या उधन्यातल्या नव्या फ्लॅटला पाणी येतं का वेळेवर? पोराची बारावी याच महिन्यात ना, त्याला माझा आशीर्वाद सांग. मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, कळव. वहिनींना नमस्कार. तुझ्या सायकलच्या घंटीचे पन्नास रुपये मी तेव्हाही देणार नव्हतो आणि आताही नाही, घंटी तुझ्यामुळेच पडली होती, तो विषय वेगळा.

अखाजीला ये. एकटा नको, सगळे या. पुरणाचे मांडे होतील, आंब्याचा रस होईल. झोका निंबाला बांधलेलाच आहे. काकांनी रीळवाला कॅमेरा चार दिवस द्यायचं कबूल केलंय. छत्तीसचा रोल मी आणून ठेवतो.

कॅमेऱ्यात तो तू भर.

तुझा,
सुभाष